एका संमतीपत्राची तपासणी : मिशिगन, १९७३

१९७२ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, सरकारी मनोरुग्णालयात १७ वर्षे बंदिस्त असलेल्या एका माणसाने स्वतःच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून घेण्यास संमती देणाऱ्या कागदावर सही केली. तो कागद आजही लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. सही करणाऱ्याच्या तोंडी त्यात असे म्हटले होते की, अनेक वर्षांच्या नेहमीच्या उपचारांनी आपल्याला आपल्या संतापाच्या झटक्यांवर आणि समाजविघातक वर्तनावर ताबा मिळवता आलेला नाही, म्हणून आपण एका संशोधन प्रकल्पात सामील होण्यासाठी अर्ज करत आहोत. हे झटके मेंदूच्या काही भागांतील बिघाडामुळे येत असावेत, अशी या उपचारामागची कल्पना आहे. तसा बिघाड आहे का हे पाहण्यासाठी आधी एक शस्त्रक्रिया करून मेंदूत बारीक तारा बसवल्या जातील आणि त्यांतून तिथल्या विद्युतलहरींची नोंद घेतली जाईल. त्याच तारांतून मंद प्रवाह सोडला जाईल, त्या वेळी आपल्याला हिंसक किंवा लैंगिक कृत्य करावेसे वाटू शकेल, परंतु आपल्याला आवरायला पुरेशी माणसे हजर ठेवण्याचा सर्व प्रयत्न होईल, हेही त्यात होते. बिघाड लहान जागेपुरता असल्यास तो भाग विजेने नष्ट करायचा होता, आणि मोठा असल्यास, डॉक्टरांच्या मते दुष्परिणामांचा धोका न पत्करता ते जमणार असेल तर, कापून काढायचा होता.

धोक्यांचा परिच्छेदही लपवाछपवीचा नव्हता. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, हातापायांत तात्पुरता किंवा कायमचा अशक्तपणा अथवा लकवा, बोलण्यात आणि विचार करण्यात अडचण, स्पर्श, वेदना व थंड-गरम जाणवण्याच्या शक्तीवर परिणाम, आणि अगदी अपवादात्मक परिस्थितीत मृत्यू, असे सगळे त्यात स्पष्ट लिहिले होते. आपल्याकडे शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात पुढे केल्या जाणाऱ्या छापील कागदांशी तुलना केली, तर हे संमतीपत्र कितीतरी अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल. एक पात्र रुग्ण, लेखी माहिती, धोक्यांची यादी, साक्षीदारासमोर सही आणि शिवाय आईवडिलांचाही होकार, असे सारे तिथे होते.

तरीही १० जुलै १९७३ रोजी, डेट्रॉइट शहर ज्या वेन काउंटीत येते तिथल्या सर्किट न्यायालयातील तीन न्यायाधीशांच्या पीठाने असा निर्णय दिला की, अशा परिस्थितीतल्या माणसाची अशा शस्त्रक्रियेसाठीची संमती कायद्याने ग्राह्य धरता येणार नाही. ‘कायमोविट्झ विरुद्ध मानसिक आरोग्य विभाग’ या नावाने हा खटला ओळखला जातो. निकालाविरुद्ध वरच्या न्यायालयात अपील झाले नाही, त्यामुळे इतर न्यायालयांवर तो बंधनकारक ठरला नाही. पण मेंदूवरील शस्त्रक्रियेआधीच्या संमतीचा विचार करणाऱ्या कोणालाही तो टाळून पुढे जाता येत नाही. इतक्या नीट लिहिलेल्या कागदात काय कमी होते, हे या प्रकरणातून शोधायचे आहे.

माणूस आणि प्रकल्प

न्यायालयाच्या कागदपत्रांत या माणसाला जॉन डो असे टोपणनाव दिलेले आहे आणि इथेही तेच वापरले आहे. तो कॅलामाझू येथील सरकारी मनोरुग्णालयात रुग्ण असताना तिथल्या एका शिकाऊ परिचारिकेचा खून करून तिच्या मृतदेहावर बलात्कार केल्याचा आरोप त्याच्यावर होता. हा आरोप किती भयंकर आहे, हे विसरून या प्रकरणाचा विचार करणे बरोबर होणार नाही. त्या तरुण मुलीचा जीव गेला होता, आणि पुढे घडलेल्या सगळ्या गोष्टींच्या मुळाशी ती घटना आहे. मात्र या आरोपावर खटला कधी चाललाच नाही. त्या काळच्या मिशिगनच्या एका कायद्याखाली त्याला ‘गुन्हेगारी लैंगिक मनोविकृत’ ठरवून ११ जानेवारी १९५५ रोजी आयोनिया येथील सरकारी मनोरुग्णालयात पाठवण्यात आले. शिक्षा झाली असती तर तिला काही मुदत असती. या बंदिवासाला ती नव्हती. ज्या कायद्याखाली तो आत गेला तो कायदा १९६८ मध्ये रद्द झाला, तरी तो आतच राहिला.

१९७२ मध्ये डेट्रॉइटच्या लाफायेट क्लिनिक या राज्य सरकारच्या संस्थेतील डॉ. अर्न्स्ट रोडिन आणि डॉ. जॅक गॉटलिब यांनी अनावर आक्रमकतेवरील उपचारांच्या अभ्यासाचा एक प्रस्ताव तयार केला आणि राज्याच्या विधिमंडळाने त्यासाठी पैसे मंजूर केले. राज्याच्या मनोरुग्णालयांतील २४ ‘गुन्हेगारी लैंगिक मनोविकृत’ रुग्णांवर हा अभ्यास व्हायचा होता. मेंदूतील अमिग्डाला या बदामाच्या आकाराच्या भागावरील शस्त्रक्रिया आणि पुरुषी संप्रेरकाचा परिणाम रोखणारे सायप्रोटेरोन ॲसिटेट हे औषध, या दोहोंची तुलना करण्याचा हेतू होता. निवडीच्या अटींमध्ये इतर गोष्टींबरोबर बुद्ध्यंक किमान ८० असावा असे होते. सगळी रुग्णालये धुंडाळल्यावर अटींत बसणारा एकच माणूस सापडला, तो म्हणजे जॉन डो. नोव्हेंबर १९७२ मध्ये त्याला लाफायेट क्लिनिकमध्ये हलवण्यात आले.

असा प्रस्ताव त्या वेळी आणि त्याच शहरात पुढे येणे हे आकाशातून पडलेले नव्हते. जुलै १९६७ मध्ये डेट्रॉइटमध्ये भीषण दंगल होऊन ४३ माणसे मेली होती. त्यानंतर काही आठवड्यांतच बोस्टनचे व्हर्नन मार्क, विल्यम स्वीट आणि फ्रँक एर्विन या डॉक्टरांचे एक पत्र अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आले होते. शहरांतील हिंसाचाराच्या मुळाशी गरिबी आणि बेकारी आहे हे मान्य करूनही, त्याच वस्तीतली बहुतेक माणसे शांत राहतात आणि काहीच हिंसा करतात, तेव्हा त्या काहींच्या मेंदूत बिघाड आहे का हे तपासायला हवे, असे त्यात सुचवले होते. हिंसा हा मेंदूच्या एका लहानशा जागेचा आजार असू शकतो आणि ती जागा सापडली की तो बरा करता येईल, हा विचार त्या दशकात बळ धरत होता. दुसरीकडे लोबोटॉमीची, म्हणजे मानसिक आजारावर उपाय म्हणून मेंदूच्या पुढच्या भागाचे दुवे तोडण्याच्या शस्त्रक्रियेची, आठवण ताजी होती. पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९३५ मध्ये लिस्बनमध्ये सुरू केलेल्या आणि त्यांना १९४९ चे नोबेल मिळवून देणाऱ्या त्या शस्त्रक्रियेने हजारो माणसे निस्तेज करून ठेवली होती, आणि १९५० च्या दशकात औषधे आल्यानंतरच ती मागे पडली होती.

डो याच्या निवडीनंतर दोन समित्या नेमण्यात आल्या, प्रत्येकी तीन माणसांच्या. एकीने प्रकल्पाचे शास्त्रीय मोल पाहायचे होते आणि दुसरीने डो याची संमती खरी आहे का ते. दुसऱ्या समितीत कायद्याचे एक प्राध्यापक, एक कॅथलिक धर्मगुरू आणि एक हिशेबतपासनीस होते. माणसे बाहेरची होती, प्रतिष्ठित होती, आणि दोन्ही समित्यांनी होकार दिला. परंतु या समित्या संशोधनाच्या प्रमुखांनीच, म्हणजे डॉ. रोडिन यांनीच, स्थापन केलेल्या होत्या. त्यांच्या हेतूंवर शंका घ्यावी असे मला वाटत नाही; पण ज्याला शस्त्रक्रिया व्हावीशी वाटते त्यानेच संमतीचे परीक्षक निवडावेत, हे त्या व्यवस्थेचे पहिले वैगुण्य होते.

न्यायालयात

जानेवारी १९७३ च्या सुरुवातीला गेब कायमोविट्झ या, गरिबांना कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेतील वकिलांना या बेताची कुणकुण लागली. त्यांनी ही गोष्ट डेट्रॉइटच्या एका वृत्तपत्राच्या कानावर घातली आणि डो याला प्रायोगिक शस्त्रक्रियेसाठी बेकायदा डांबून ठेवले आहे असे म्हणत न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. बोभाटा होताच मानसिक आरोग्य विभागाने प्रकल्पाचे पैसे थांबवले. खटला तिथेच संपू शकला असता. होरेस गिलमोर, जॉर्ज बोल्स आणि जॉन ओ’हेअर या न्यायाधीशांनी मात्र तो चालू ठेवला, कारण पैसे आज थांबले तरी उद्या पुन्हा मिळू शकतात आणि हाच प्रश्न दुसऱ्या कोणाच्या बाबतीत उभा राहू शकतो. डो याची बाजू मांडण्यासाठी न्यायालयाने स्वतंत्र वकील नेमले. हे आवश्यकच होते. कायमोविट्झ यांना डो याने नेमलेले नव्हते. त्याला शस्त्रक्रिया हवी होती, निदान तो तसे म्हणत होता.

मार्च १९७३ मध्ये न्यायालयाने आधी बंदिवासाचा प्रश्न निकाली काढला. रद्द झालेल्या कायद्याखाली त्याला डांबून ठेवणे घटनाबाह्य आहे, असे ठरवून त्याच्या सुटकेचा मार्ग मोकळा करण्यात आला. सुटका होणार हे ठरल्यानंतर डो याने शस्त्रक्रियेला दिलेली संमती मागे घेतली.

या प्रकरणाचा सगळा भार मला या एका घटनेवर आहे असे वाटते. दोन्ही वेळी माणूस तोच, बुद्ध्यंक तोच, वाचलेला कागद तोच, आणि धोक्यांची माहितीही तीच. मधल्या काळात शस्त्रक्रियेविषयी वादाच्या दोन्ही बाजू त्याच्या कानावर आल्या, हे खरे आणि त्याचाही परिणाम झालाच असेल. परंतु सर्वांत मोठा बदल झाला तो त्याच्या दाराच्या कुलपात. बाहेर पडण्याची वाट मेंदूतून जात नाही हे कळल्यावर त्याला मेंदूवर शस्त्रक्रिया नको झाली.

डो याच्या साक्षीतले दोन तपशील न्यायाधीशांनी निकालपत्रात नोंदवून ठेवले आहेत. खोलीत दिवा असण्याची परवानगी, आणि घरची माणसे भेटायला आली असता त्यांच्याबरोबर आवारात सहलीसारखे जेवण करण्याची परवानगी, या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी तिथे फार मोठ्या होऊन बसत. दिवा मिळणार की नाही हे ठरवणारी माणसे आणि संमतीपत्र पुढे करणारी माणसे एकाच व्यवस्थेची होती. १७ वर्षांत आयुष्यातल्या जवळजवळ कोणत्याच महत्त्वाच्या निर्णयात ज्याला कोणी विचारले नाही, त्याला अचानक सर्वांत मोठ्या निर्णयाबद्दल विचारण्यात आले होते. आणखी एक गोष्ट न्यायालयाच्या लक्षात आली. एरवी अशा रुग्णालयात रुग्णाकडे डॉक्टर फारसे फिरकत नाहीत. प्रकल्पासाठी निवड झाल्यावर मात्र डो याच्याभोवती डॉक्टरांची वर्दळ सुरू झाली, त्याच्याशी बोलले जाऊ लागले, त्याची विचारपूस होऊ लागली. आपण सहकार्य करणारे रुग्ण आहोत हे डॉक्टरांना दाखवण्याची इच्छा त्याच्या मनात होती. दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या माणसावर अशा आस्थेचे किती दडपण येते, हे मोठ्या सरकारी रुग्णालयात एखादा आठवडा काढलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. मोठे डॉक्टर आपल्या खाटेजवळ थांबले एवढ्यानेच माणसे अनेक गोष्टींना मान डोलावतात.

तीन कसोट्या

संमती तपासण्यासाठी न्यायालयाने न्यूरेंबर्ग संहितेचा आधार घेतला. नाझी डॉक्टरांवरील खटल्याच्या १९४७ मधील निकालातून आलेल्या त्या संहितेच्या पहिल्याच कलमात, माणसावरील प्रयोगासाठी त्याची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक आहे आणि तिच्यामागे बळजबरी, फसवणूक, धाक किंवा दबावाचा कोणताही छुपा प्रकार असता कामा नये, असे म्हटलेले आहे. तिच्यातून न्यायालयाने क्षमता, माहिती आणि स्वेच्छा या तीन कसोट्या घेतल्या.

क्षमतेबद्दल न्यायालयाचे म्हणणे असे की, कागद समजण्याइतकी बुद्धी असणे आणि संमती देण्यास समर्थ असणे या निराळ्या गोष्टी आहेत. बुद्ध्यंक ८० असला तरी दीर्घ बंदिवास माणसाची निर्णयाची ताकद खच्ची करतो. स्वतःच्या शरीराला आणि मनाला काही किंमत आहे ही जाणीव ज्यांच्या आधाराने टिकते ते सारे आधार संस्था काढून घेते. हा भाग मला सर्वांत नाजूक वाटतो, कारण याच युक्तिवादाच्या वाटेने कोणत्याही मनोरुग्णाला ‘तुला कळत नाही’ असे म्हणता येते आणि म्हटले जातेही. न्यायालयाने याच एका कसोटीवर निकाल उभा केला असता, तर तो पुढे रुग्णांच्याच विरुद्ध वापरला गेला असता.

माहितीच्या कसोटीवर मात्र न्यायालयाने जे म्हटले ते अगदी पक्के आहे. संमतीपत्रात काही लपवलेले नव्हते हे खरे; परंतु जे कोणालाच ठाऊक नव्हते ते त्यात येणार तरी कसे? दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांच्या साक्षींनंतर न्यायालयाच्या लक्षात आले की, आक्रमकता नावाचा वैद्यकाने मान्य केलेला असा एकच एक आजार नाही, आणि अमिग्डाला नष्ट केल्याने संताप ओसरतो याला भक्कम शास्त्रीय आधारही नाही. अपस्माराच्या काही रुग्णांमध्ये झटक्यांचा उगम मेंदूच्या विशिष्ट जागेत सापडतो आणि ती जागा काढल्यावर झटके थांबतात, ही गोष्ट तेव्हाही माहीत होती. त्या ज्ञानाच्या आधाराने रागाच्या झटक्यांविषयी अनुमान बांधले गेले होते, आणि अनुमान म्हणून ते अगदीच निराधार नव्हते. परंतु अशा शस्त्रक्रियांनंतर भावना बोथट होणे, नवे शिकण्याची शक्ती आणि अमूर्त विचाराची क्षमता कमी होणे, औदासीन्य येणे हे दिसत होते, आणि अमिग्डालावरील शस्त्रक्रियेनंतर माणूस शांत होण्याऐवजी उलट अधिक संतापी झाल्याचेही आढळले होते. धोका अतिशय मोठा आणि लाभ अनिश्चित, अशी ती स्थिती होती.

मेंदूच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि तिच्यावर पुरेसे बोलले जात नाही. पित्ताशय काढल्यावर तो निर्णय चुकला असे रुग्णाला वाटले तर तसे म्हणणारा माणूस शाबूत असतो. इथे ज्या अवयवाने निर्णय घ्यायचा त्याच अवयवावर हत्यार चालणार असते. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण समाधानी दिसतो, तक्रार करत नाही, शांत आहे, अशी नोंद केस पेपरवर होते तेव्हा तो बरा झाला म्हणून शांत आहे की तक्रार करणारा भागच गेला म्हणून शांत आहे, हे बाहेरून ओळखणे अवघड असते. संमती केव्हाही मागे घेण्याचा हक्क प्रत्येक संमतीपत्रात लिहिलेला असतो. इथे पहिल्या छेदानंतर तो हक्क वापरणाराच बदललेला असू शकतो. न्यायालयाने हीच गोष्ट घटनेच्या भाषेत मांडली. विचार व्यक्त करण्याच्या स्वातंत्र्याला अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिली दुरुस्ती संरक्षण देते, तर मग विचार निर्माण करण्याच्या शक्तीलाही तिचे संरक्षण असले पाहिजे, असे न्यायाधीशांनी म्हटले.

तिसरी कसोटी स्वेच्छेची, आणि दिव्याचा तपशील इथे येतो. रुग्णालयातून सुटका होणे हेच जर अधिकाऱ्यांशी सहकार्य करण्यावर अवलंबून असेल, तर दबावापासून मुक्त राहणे रुग्णाला अशक्य आहे, असे न्यायालयाने ठरवले. सक्तीने बंदिस्त असलेला रुग्ण, त्याचे डॉक्टर आणि प्रशासक हे या शस्त्रक्रियेबद्दल बरोबरीच्या नात्याने विचार करूच शकत नाहीत, हे निकालातले मध्यवर्ती विधान आहे. कोणी डो याला धमकावले नव्हते, आमिषही दाखवले नव्हते. त्याची गरजच नव्हती. ती इमारतच दोन्ही कामे करत होती.

आईवडिलांच्या होकाराबाबतही न्यायालय ठाम राहिले. जी गोष्ट रुग्ण स्वतः कायद्याने करू शकत नाही, ती पालक किंवा आईवडील त्याच्या वतीने करू शकत नाहीत.

निकालाची एक दुखरी बाजू

या निकालावर गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो टाळणे योग्य नाही. स्वायत्ततेच्या नावाखाली न्यायालयाने एका संपूर्ण वर्गाकडून ‘हो’ म्हणण्याचा अधिकार काढून घेतला. ज्याला आपल्या संतापाच्या झटक्यांची खरोखर भीती वाटते, ज्याला आपल्या हातून पुन्हा कोणाचा जीव जाईल या विचाराने झोप येत नाही, अशा बंदिस्त माणसाला या निकालाने दार बंद केले. शिवाय बंदिवासाने संमती पोकळ होते हे मानले तर अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेची संमतीही पोकळ ठरायला हवी. न्यायालयाने मात्र मेंदूवरील रूढ आणि सिद्ध शस्त्रक्रियांना असा रुग्ण संमती देऊ शकतो असे म्हटले, आणि पुढे कधी ही शस्त्रक्रियाही तितकी सिद्ध झाली तर योग्य देखरेखीखाली तिलाही संमती देता येईल अशी फट ठेवली.

तर्काच्या दृष्टीने ही विसंगती आहे. मला ती समजते ती अशी, की न्यायालयाच्या मनात एक तराजू होता. शस्त्रक्रिया जितकी परत न फिरवता येणारी आणि तिचा लाभ जितका संशयास्पद, तितकी संमतीतल्या स्वेच्छेची अपेक्षा चढत जाते. अपेंडिक्स काढण्याने डॉक्टरांचा किंवा संस्थेचा वेगळा हेतू साधत नाही. तिथे रुग्णाचे हित आणि डॉक्टरांची इच्छा एकाच दिशेने जातात, म्हणून थोड्या दबलेल्या होकारावरही विसंबता येते. अमिग्डालाच्या प्रयोगात संस्थेला संशोधन हवे होते, राज्याला हिंसेवर उपाय हवा होता आणि रुग्णाला बाहेर पडायचे होते. या तीन इच्छा एका सहीत मिसळल्या होत्या आणि त्यातली रुग्णाची स्वतःची किती, हे वेगळे काढायचे साधन कोणाकडे नव्हते. न्यायालयाने हा तराजू उघडपणे मांडला असता तर निकाल अधिक टिकाऊ झाला असता. ‘बंदिस्त रुग्ण संमती देऊच शकत नाही’ असे सरसकट म्हणण्याऐवजी, सुटकेचा प्रश्न आधी स्वतंत्रपणे सोडवा आणि मग विचारा, असे म्हणता आले असते. प्रत्यक्षात त्याच न्यायालयाने मार्चमध्ये ते करून दाखवले होते आणि उत्तरही मिळाले होते.

अमेरिकेत पुढे काय झाले ते थोडक्यात सांगता येईल. १९७४ च्या राष्ट्रीय संशोधन कायद्याने नेमलेल्या आयोगावर मानसशस्त्रक्रियेचा, म्हणजे वर्तन किंवा मानसिक आजार बदलण्यासाठी मेंदूवर केल्या जाणाऱ्या अशा शस्त्रक्रियांचा, अभ्यास करण्याची जबाबदारी टाकण्यात आली, आणि १९७७ मध्ये आयोगाने सरसकट बंदीची शिफारस न करता कडक देखरेखीची शिफारस केली.

भारतातला धागा

ही गोष्ट दूरदेशीची आहे असे समजण्याचे कारण नाही. अमिग्डालावरील याच प्रकारच्या शस्त्रक्रिया १९६० आणि १९७० च्या दशकांत मद्रासला, बी. रामामूर्ती आणि व्ही. बालसुब्रमण्यम यांच्या चमूने मोठ्या संख्येने केल्या, आणि अनावर वर्तन शांत करणाऱ्या मेंदूच्या शस्त्रक्रियेला त्यांनी दिलेले नाव जगभरच्या वैद्यकीय लेखनात पोहोचले. त्यांच्या रुग्णांत अनेक मुले होती. घरात आवरता न येणाऱ्या मुलाला घेऊन हताश होऊन आलेल्या आईवडिलांची वेदना खोटी नव्हती आणि त्या डॉक्टरांची मदतीची इच्छाही खोटी नव्हती. तरी मेंदू मुलाचा आणि सही आईवडिलांची, ही स्थिती राहतेच.

आपल्याकडे प्रौढ माणसाच्या बाबतीतही सही नातेवाइकांची घेण्याची सवय खोलवर मुरलेली आहे. ‘पेशंटला सांगू नका, टेन्शन घेईल’ हे वाक्य मेंदूतल्या गाठीच्या निदानानंतर ओपीडीच्या दाराबाहेर हमखास ऐकू येते, आणि बोलणारा मुलगा किंवा भाऊ ते प्रेमानेच म्हणत असतो. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ च्या एका निकालात या सवयीला कायद्याची बाजू दाखवून दिली. दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल दिलेल्या एका सज्ञान स्त्रीचे गर्भाशय आणि बीजांडकोश, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन काढले गेले होते. रुग्ण सज्ञान आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे आणि जिवाला तातडीचा धोका नाही, अशा वेळी आईची संमती चालणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. डो याच्या आईवडिलांबाबत मिशिगनच्या न्यायालयाने काढलेल्या निष्कर्षाशी याचे नाते सहज दिसते, जरी कारणे वेगळी आहेत.

मानसशस्त्रक्रियेबाबत आज आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा लागू आहे. तो २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम ९६ नुसार मानसिक आजारावरील उपचार म्हणून मेंदूची शस्त्रक्रिया करायची असेल तर रुग्णाची स्वतःची माहितीपूर्ण संमती हवी, आणि त्याशिवाय मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची मंजुरी हवी. संमतीच्या व्याख्येत बळ, अवाजवी प्रभाव, फसवणूक, धमकी, गैरसमज यांपासून ती मुक्त असावी, आणि धोके, फायदे व पर्याय यांची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत आणि पद्धतीने दिलेली असावी, असे म्हटलेले आहे. मंडळाच्या अध्यक्षपदी जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पात्रतेची व्यक्ती असते, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी असतो, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक वैद्यकीय व्यावसायिक असतो, आणि मानसिक आजारातून गेलेल्या, अशा माणसांची काळजी घेणाऱ्या किंवा या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांमधून आलेल्या दोन व्यक्ती असतात. डॉ. रोडिन यांनी स्वतः निवडलेल्या समितीपेक्षा ही रचना निश्चितच सरस आहे, विशेषतः शेवटच्या दोन जागांमुळे. दिव्याची किंमत काय असते हे हिशेबतपासनीसापेक्षा वॉर्डात राहिलेल्या माणसाला चांगले ठाऊक असते.

मंडळापुढे काय येते हे मात्र शेवटी कागदावरच अवलंबून राहते, आणि कागद नीट असला म्हणजे काय होते हे डो याच्या संमतीपत्राने दाखवले आहे. त्याच्यात तारांची माहिती होती, विजेची होती, लकव्याची आणि मृत्यूची होती. सही केली नाही तर दिवा, सहल, डॉक्टरांची भेट आणि सुटकेचा अर्ज यांचे काय होईल, याबद्दल त्यात एकही ओळ नव्हती. मंडळाच्या सदस्यांनी रुग्णाला डॉक्टरांच्या आणि घरच्यांच्या अनुपस्थितीत बसवून हा प्रश्न त्याला विचारावा आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत नोंदवून संमतीपत्राला जोडावे, एवढे कलम ९६ च्या चौकटीत आजही करता येण्यासारखे आहे.